मतपत्रिकेवर काय छापायचं, हे कोण ठरवतं?

१० एप्रिल २०१० रोजी बीबीसीवर 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचा 'द बीस्ट बिलो' हा भाग लागला. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक जाहीर होऊन चारच दिवस झाले होते आणि ६ मे रोजी मतदान होतं. गोष्ट दूरच्या भविष्यातली. स्कॉटलंड सोडून बाकी सगळा ब्रिटन एका अवाढव्य यानात बसून अवकाशात फिरतोय. सोळा वर्षं पूर्ण झाली की नागरिकाला दर पाच वर्षांनी एका मतदान कक्षात जायची मुभा मिळते. आत पडद्यावर एक फिल्म चालते आणि हे यान नेमकं कशाच्या जिवावर चाललंय ते सांगते. समोर बटणं असतात, 'निषेध' आणि 'विसरा'. शिवाय स्वतःसाठी निरोप रेकॉर्ड करायचं एक बटण. एक टक्का लोकांनी निषेध नोंदवला तर हा प्रकार बंद होईल आणि परिणाम सगळ्यांना भोगावे लागतील, असं आधीच बजावलं जातं. मालिकेचा नायक डॉक्टर आणि त्याची सोबतीण ॲमी तिथे पोहोचतात. ॲमी 'विसरा' दाबते. डॉक्टरपुढे फिल्म सुरूच होत नाही, कारण यंत्र त्याला माणूस मानत नाही. थोडक्यात, त्याचं नाव मतदार यादीत नाही.

या भागावर जे बोललं जातं ते बहुतेक विसरण्याबद्दल, सोयीस्कर अज्ञानाबद्दल. ते बरोबरच आहे. पण निवडणूक पद्धतींचा अभ्यास असलेल्या माणसाचं लक्ष आधी त्या बटणांवर जातं. हे पर्याय कोणी ठरवले? 'काय चाललंय ते कळलं, यान चालू ठेवा, पण दुसरा मार्ग शोधा' असं म्हणायची सोय त्या कक्षात नाही. भागाच्या शेवटी खरा मार्ग तोच निघतो. म्हणजे लाखो लोक पिढ्यानपिढ्या मत देत राहिले, आणि बरोबर उत्तर कधी बटणावर आलंच नाही.

टीव्हीवरच्या विज्ञानकथांत मतदान दाखवायचं म्हटलं की बटणं जवळजवळ नेहमी दोनच असतात. 'डॉक्टर हू'च्याच १९८५च्या 'व्हेंजन्स ऑन व्हॅरोस'मध्ये राज्यपाल पडद्यावर येऊन प्रस्ताव मांडतो, लोक घरी बसून 'हो' किंवा 'नाही' दाबतात, आणि 'नाही' जिंकलं तर त्याच्यावर तिथल्या तिथे मारक किरणं सोडली जातात. 'द ऑर्व्हिल'च्या 'मेजॉरिटी रूल' (२०१७) या भागात प्रत्येकाच्या छातीवर पसंती-नापसंतीचा बिल्ला असतो आणि एक कोटी नापसंती जमल्या की माणसाच्या मेंदूवर 'दुरुस्ती' होते. नाट्याला दोन बटणं सोयीची, हे मान्य. पण यातून पाहणाऱ्याच्या मनात एक समज घट्ट बसतो, की लोकशाही बिघडते ती लोक चुकीचं बटण दाबतात म्हणून. व्हॅरोसवरच्या लोकांना 'हा प्रस्ताव नको, राज्यपाल राहू दे' असं म्हणायचं असेल, तर त्यांनी काय दाबायचं? मालिकेत हा प्रश्न कोणीच विचारत नाही. ब्रिटनच्या राजकारणातही तो क्वचितच विचारला जातो.

ब्रिटनच्या संसदीय मतपत्रिकेवर नावं बरीच असतात, पण मतदाराला बोलता येतं ते एका फुलीपुरतं. ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. बाकीच्यांची मतं कुठेच जात नाहीत. २०२४ साली मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५०पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा, लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२.२ टक्के मतं आणि ७२ जागा. लिबरल डेमोक्रॅटांचा आकडा प्रमाणात दिसतो खरा, पण ते पद्धतीचं श्रेय नाही. जिंकता येतील अशाच जागांवर त्यांनी सगळी ताकद लावली होती. याच प्रवाहातल्या लिबरल-एसडीपी आघाडीला १९८३ साली २५.४ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या २३. मजूर पक्षाला त्याच निवडणुकीत २७.६ टक्क्यांवर २०९. मतं एका ठिकाणी साचली तर जागा मिळतात, सगळीकडे सारखी पसरली तर मिळत नाहीत. २०१५ साली युरोपीय संघातून बाहेर पडू पाहणाऱ्या यूकेआयपी पक्षाला १२.६ टक्के मतांवर एक जागा मिळाली, तर सगळी मतं स्कॉटलंडमध्येच असलेल्या एसएनपीला (स्कॉटिश नॅशनल पार्टी) ४.७ टक्क्यांवर ५६.

एका मतदारसंघात हे कसं दिसतं? २०२४ साली साउथ वेस्ट नॉरफकमध्ये मजूर पक्षाचा उमेदवार २६.७ टक्के मतांवर निवडून आला आणि माजी पंतप्रधान लिझ ट्रस ६३० मतांनी पडल्या. रिफॉर्मचा उमेदवार फारसा मागे नव्हता. त्या मतदारसंघात जवळजवळ पाऊण लोकांनी विजेत्याला मत दिलेलं नाही. त्यांना विजेता दुसऱ्या पसंतीला चालला असता की मुळीच नको होता, हे त्या मतपत्रिकेवरून कुणालाही सांगता येणार नाही, कारण ते विचारलंच नव्हतं. ट्रस यांना हरलेलं पाहून अनेकांना आनंद झाला असेल. पद्धतीचा हिशोब त्याने बदलत नाही.

'ब्लॅक मिरर'च्या 'द वॉल्डो मोमेंट' (२०१३) या भागात पोटनिवडणुकीला एक निळं कार्टून अस्वल उभं राहतं आणि दुसरं येतं. जिंकतो हुजूर पक्षाचा उमेदवार. टीका सगळी अस्वलावर आणि त्याला टाळ्या वाजवणाऱ्यांवर आहे. पण राग व्यक्त करायला एकच फुली हातात असेल, तर ती रागावरच खर्च होते. पसंतीक्रम असता तर अस्वलाला १ देऊन खऱ्या उमेदवाराला २ देणारे किती निघाले असते, हे पाहायला मला फार आवडलं असतं.

मोठे पक्ष स्वतःचा नेता मात्र असा निवडत नाहीत. ऑक्टोबर २००५मध्ये हुजूर पक्षाच्या खासदारांनी पहिल्या फेरीत डेव्हिड डेव्हिस यांना ६२, डेव्हिड कॅमेरून यांना ५६, लियाम फॉक्स यांना ४२ आणि केनेथ क्लार्क यांना ३८ मतं दिली. संसदीय निवडणुकीचा नियम लावला असता तर मोजणी तिथेच संपून डेव्हिस नेते झाले असते. पक्षाचा नियम वेगळा होता. शेवटचा उमेदवार बाद करायचा आणि पुन्हा मत घ्यायचं. दुसऱ्या फेरीत कॅमेरून ९०वर गेले आणि पुढे पक्षसदस्यांच्या मतदानात मोठ्या फरकाने जिंकले. मजूर पक्षात २०१० साली डेव्हिड मिलिबँड शेवटची सोडून प्रत्येक फेरीत पुढे होते. शेवटच्या फेरीत पुढच्या पसंतीची मतं वळली आणि एड मिलिबँड ५०.६५ टक्क्यांवर नेते झाले. हे सगळं लोकांना बुचकळ्यात टाकणारं आहे, असं तेव्हा कुठलाही पक्ष म्हणाला नाही. २०११ साली मतदारांना हीच सोय द्यायचा प्रश्न आला, तेव्हा विरोधात उभे राहिलेल्यांत पंतप्रधान झालेले कॅमेरून सर्वांत पुढे होते.

आता निवडणूक पद्धत बदलण्यावरच्या ५ मे २०११च्या सार्वमताकडे येऊ, कारण मला ते सगळ्यात जास्त खुपतं. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला हवी होती एसटीव्ही, म्हणजे बहुसदस्यीय मतदारसंघात पसंतीक्रमाने, उरलेली मतं पुढे सरकवत मोजायची एकल संक्रमणीय मतपद्धती. हुजूर पक्षाला काहीच बदल नको होता. २०१०च्या या दोघांच्या आघाडी सरकारच्या वाटाघाटीत जे निघालं ते एव्ही, म्हणजे पर्यायी मतपद्धती. मतदारसंघ एकसदस्यीयच ठेवायचे, फक्त फुलीऐवजी १, २, ३ लिहायचं आणि कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत शेवटच्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे न्यायची. लिबरल डेमोक्रॅटांचे नेते निक क्लेग यांनी एप्रिल २०१०मध्ये, 'द बीस्ट बिलो' दाखवला गेला त्याच महिन्यात, एव्हीला 'क्षुद्र, केविलवाणी तडजोड' म्हटलं होतं. वर्षभराने त्याच तडजोडीसाठी त्यांना मतं मागावी लागली.

मतपत्रिकेवरचा प्रश्न साधारण असा होता: सध्याच्या पद्धतीऐवजी एव्ही वापरावी का? हो किंवा नाही. 'सध्याची नको, पण एव्हीही नको' हे कुठे लिहायचं? असं मत असणारे काहीजण 'हो'कडे गेले, काही 'नाही'कडे, आणि बरेचसे घरीच बसले. मतदान ४२.२ टक्के झालं. ६७.९ टक्के 'नाही', ३२.१ टक्के 'हो'. मोजणीच्या ४४० विभागांपैकी फक्त १० ठिकाणी 'हो' जिंकलं. त्यात ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडनमधले सहा बरो, ग्लासगो केल्विन आणि एडिनबरा सेंट्रल होते. तेव्हापासून 'जनतेने सुधारणा नाकारली' हे वाक्य प्रत्येक चर्चेत ठोकलं जातं. जनतेने जे नाकारलं ते सुधारकांनाही मनापासून नको होतं, हे सोयीने गाळलं जातं.

विरोधकांच्या प्रचारात २५ कोटी पौंड खर्चाचा आकडा होता आणि त्यात मतमोजणी यंत्रांची किंमत धरलेली होती. ऑस्ट्रेलियात कनिष्ठ सभागृहाची पसंतीक्रमाची मोजणी शंभरहून अधिक वर्षं माणसं हातानेच करतात. पण 'हो'वाल्यांची चूक याहून मोठी होती. त्यांनी एव्हीला न्याय्य मतदानाचा उपाय म्हणून विकलं. पण जागांचं मतांशी प्रमाण एव्ही जुळवतच नाही. मतं फुटून तिसराच निवडून येण्याचा धोका ती कमी करते, बस. मोठ्या लाटेत तर ती लाट आणखी फुगवते. १९९७ साली नुसती एव्ही असती तर मजूर पक्षाचं प्रचंड बहुमत आणखी वाढलं असतं, हे १९९८च्या जेंकिन्स आयोगाच्या अहवालातच आलेलं आहे. म्हणूनच आयोगाने एव्हीबरोबर प्रादेशिक यादीच्या जोडजागा सुचवल्या होत्या. तो अहवाल कपाटात गेला.

प्रश्न नीट कसा विचारता येतो ते न्यूझीलंडने १९९२ साली दाखवलं. एकाच मतपत्रिकेवर दोन भाग. पहिला, पद्धत बदलायची का? दुसरा, बदलायचीच झाली तर चारपैकी कुठली? पहिल्या भागात बदल नको म्हणणाऱ्यालाही दुसऱ्या भागात मत देता येत होतं. ८४.७ टक्के लोकांनी बदल हवा म्हटलं आणि ७०.५ टक्क्यांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत निवडली, म्हणजे मतदारसंघांच्या जागांना पक्षयादीच्या जागांची जोड देऊन मतांशी प्रमाण जुळवणारी. पुढच्या वर्षी जुनी पद्धत विरुद्ध ही विजेती पद्धत असं बंधनकारक सार्वमत झालं आणि नवी पद्धत ५३.९ टक्क्यांनी जिंकली. दोन बटणांची लढत तिथेही झालीच, पण दुसऱ्या बटणावर काय असावं हे आधी लोकांनी ठरवलं होतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच्याही मागे जाऊन पर्याय तयार करायचं कामच नागरिकांना दिलं. २००४ साली चिठ्ठी टाकून १६० जण निवडले गेले, प्रत्येक मतदारसंघातून एक बाई आणि एक पुरुष, शिवाय आदिवासी समाजातले दोघं. महिनोन्‌महिने शिकून, सुनावण्या घेऊन त्यांनी एसटीव्ही सुचवली. २००५च्या सार्वमतात ५७.७ टक्के 'हो' पडले आणि तरी प्रस्ताव पडला, कारण सरकारने ६० टक्क्यांची अट घातली होती. उंबरठा किती ठेवायचा हा सुद्धा मतपत्रिका लिहिणाऱ्याच्या हातातला अधिकार आहे, आणि त्यावर फारच कमी लोकांची नजर असते.

एसटीव्हीची मोजणी एकदा हाताखालून गेली की तिची भीती जाते. 'कोटा' आणि 'पहिल्या पसंतीची मतं' हे शब्द आपल्याकडे राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांमुळे कानावरचे आहेतच. समजा जागा ५ आणि वैध मतं ६०,०००. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढताना जागांमध्ये एक मिळवून भागायचं आणि पूर्णांकात एक वाढवायचा. ६०,००० भागिले ६ म्हणजे १०,०००, अधिक १, कोटा १०,००१. एक का वाढवायचा? कारण सहा जणांना १०,००१ मतं मिळायची तर ६०,००६ लागतील, आणि तेवढी नाहीतच. पाचाहून जास्त जण कोटा गाठूच शकत नाहीत.

आता एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची १३,००० मतं आहेत. तो निवडून आला, जादा मतं २,९९९. ही जादा मतं कुठल्या मतदारांची? इथेच पद्धतींचे फाटे फुटतात. आयर्लंडच्या संसदीय निवडणुकीत पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे लावतात आणि प्रत्येक गठ्ठ्यातून प्रमाणात प्रत्यक्ष पत्रिका उचलून पुढे देतात. उचललेल्या पत्रिकांवर तिसरी-चौथी पसंती काय आहे हे कुठल्या पत्रिका हाती आल्या त्यावर ठरतं, त्यामुळे अटीतटीच्या जागी नशिबाचा थोडा अंश उरतो. उत्तर आयर्लंडमध्ये १३,००० पत्रिकांपैकी पुढची पसंती असलेल्या सगळ्याच पुढे जातात, पण कमी किमतीने. समजा सगळ्यांवरच पुढची पसंती आहे; मग २,९९९ भागिले १३,०००, दोन दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे ०.२३. स्कॉटलंडच्या स्थानिक निवडणुकीत पाच स्थळांपर्यंत, ०.२३०६९. यातल्या ६,५०० पत्रिकांवर दुसरी पसंती पक्षाच्याच जोडीदाराला असेल, तर त्याला उत्तर आयर्लंडच्या नियमाने १,४९५ मतं मिळतील आणि स्कॉटलंडच्या नियमाने १,४९९.४८५. साडेचार मतांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण शेवटची जागा कधीकधी याहून कमी फरकाने जाते. दोन स्थळांत हाताने मोजता येतं. पाच स्थळांसाठी स्कॉटलंडने संगणकाची मोजणी घेतली. कोणी कोटा गाठत नसेल तेव्हा तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका आहेत त्याच किमतीने पुढे सरकतात. ज्यावर पुढची पसंती नाही, ती पत्रिका तिथे संपते.

चुका होतात त्या बहुतेक पक्षांकडूनच. दोन कोट्यांची ताकद असताना चार उमेदवार उभे केले तर पहिली पसंती विभागली जाते, आणि जोडीदारांची मतं यायच्या आत चांगला उमेदवार बाद होऊ शकतो. उलटही होतं. २०२०च्या आयरिश निवडणुकीत शिन फेनला पहिल्या पसंतीची सर्वाधिक २४.५ टक्के मतं मिळाली, पण त्यांनी उमेदवारच ४२ दिले होते. ३७ निवडून आले, आणि अनेक मतदारसंघांत त्यांची जादा मतं पक्षाचा दुसरा उमेदवारच नसल्याने इतरांच्या पदरात पडली. तिसरी अडचण वर्णानुक्रमाची. स्कॉटलंडमध्ये एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले की मतपत्रिकेवर वर असलेल्याला पहिली पसंती जास्त मिळते, हे निवडणुकीगणिक दिसतं. पक्ष यावर वॉर्डाचे दोन भाग करून वेगवेगळ्या क्रमाची पत्रकं वाटतात. खरा उपाय छपाईत आहे: गठ्ठ्यागणिक नावांचा क्रम फिरता ठेवायचा. टास्मानियात ते होतं.

मतपत्रिकेची मांडणी चुकली तर काय होतं, त्याचा धडा ३ मे २००७चा आहे. त्या दिवशी स्कॉटलंडमध्ये संसदेची आणि स्थानिक, दोन्ही निवडणुका होत्या. संसदेच्या दोन्ही मतांसाठी (एक मतदारसंघाचं, एक प्रादेशिक यादीचं) एकच कागद, शेजारी शेजारी दोन रकाने. अनेकांनी दोन्ही फुल्या एकाच रकान्यात मारल्या. १ लाख ४० हजारांहून जास्त मतं बाद झाली. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की दोष पुष्कळांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरलेल्या एसटीव्हीच्या माथी मारला, जेव्हा एसटीव्हीच्या पत्रिकांवर बाद मतांचं प्रमाण बरंच कमी होतं. पुढे कागद वेगळे झाले आणि निवडणुकांचे दिवसही.

३ डिसेंबर २०२४ रोजी लिबरल डेमोक्रॅट खासदार सारा ओल्नी यांचा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा प्रस्ताव कॉमन्समध्ये १३८ विरुद्ध १३६ असा मंजूर झाला. दहा मिनिटांच्या नियमाखालचा, म्हणजे साध्या खासदाराने छोट्या भाषणात मांडलेला तो प्रस्ताव होता. सरकारने वेळ दिल्याशिवाय त्याचा कायदा होत नाही, आणि वेळ मिळाला नाही. मजूर पक्षाच्या २०२२च्या अधिवेशनाने प्रमाणशीर पद्धतीच्या बाजूने ठराव केला होता, पण नेतृत्वाने तो जाहीरनाम्यात घेतला नाही. पुढच्या मसुद्यात काय असावं यावर आतापासून वाद घालायला हवा, कारण २०१०सारखं पाच दिवसांच्या वाटाघाटीत ठरलं तर पुन्हा कुणालाच नको असलेला पर्याय छापला जाईल. पर्याय चिठ्ठीने निवडलेल्या नागरिकसभेने तयार करावेत. सार्वमत घ्यायचंच तर दोन भागांचं, आणि दुसऱ्या भागात फुलीऐवजी पसंतीक्रम. उंबरठा साधं बहुमत.

मतदारसंघ किती जागांचे, हा खरा किचकट भाग. तीन जागांत कोटा २५ टक्क्यांच्या आसपास येतो, पाचात १६.७, सहात १४.३. लहान पक्षांना सहा हवेत, मोठ्यांना तीन. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत आज १८ मतदारसंघ आणि प्रत्येकी पाच जागा आहेत, आणि तिथले लोक १९७३पासून आकडे लिहीत आलेत, त्यामुळे पाचाची मध्यम वाट ब्रिटनला परकी नाही. विरळ वस्तीच्या भागात तीनपर्यंत खाली यावं लागेल. ऑर्कनी-शेटलंड आणि आउटर हेब्रिडीज या स्कॉटलंडच्या बेटांना कायद्यानेच स्वतंत्र मतदारसंघाचं संरक्षण आहे, आणि समुद्रापलीकडचा प्रदेश त्यांना जोडून पाच जागांचा मतदारसंघ करणं मूर्खपणाचं ठरेल. तिथे एकच जागा ठेवावी. एका जागेसाठी एसटीव्हीचं गणित केलं तर कोटा निम्म्याहून एक जास्त येतो, आणि मोजणी अक्षरशः २०११ साली नाकारलेल्या एव्हीसारखीच होते.